भरणा

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'भरणा' या शब्दाचं भय वाटत नाही. गिऱ्हाईक येतं, चिठ्ठी भरतं, नोटा मोजून देतं. आपण त्या पुन्हा मोजून घेतो आणि शिक्का मारतो. जगातला सगळाच भरणा असा सरळ असता तर आणखी काय हवं होतं? पण मराठी भाषेत 'भरवणं' नावाचं एक जवळचंच क्रियापद आहे. त्यात चमचा आपला, खीर आपली, दमछाक आपली; आणि खिडकी मात्र समोरच्याच्या मर्जीवर उघडते. ही खिडकी फार लहान असते. तिला चौदा दात असतात आणि ती कोणतीही पूर्वसूचना न देता बंद होते.

आमच्या दोन अपत्यांमध्ये दहा वर्षांचं अंतर आहे. याबद्दल नातेवाइकांना आणि हेड ऑफिसला जे बोलायचं होतं ते बोलून झालेलं आहे. थोरल्याला सहावीची परीक्षा झाल्यावर थीम पार्क दाखवायचं कबूल केलं होतं. धाकटी पावणेदोन वर्षांची. तिला कुणी काहीच कबूल केलं नव्हतं. पण तिला घरी ठेवायचं म्हणजे आईलाही घरी ठेवायचं, आणि आई म्हणाली, "मलाही बघू दे की रे, काय असतं ते." अशा रीतीने मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पाच जण निघालो.

सामान म्हणाल तर पाच जणांपैकी चौघांचं एका पिशवीत होतं आणि उरलेल्या तीन पिशव्या धाकटीच्या होत्या. एका थर्मासमध्ये तूप-मेतकूट घातलेला गुरगुट्या भात. दुसऱ्यात नाचणीची खीर. केळी. उकळून गार केलेलं पाणी. तीन लाळेरी. वाट्या दोन, कारण एक पडते. चमचे चार, कारण तीन पडतात. शिवाय आईची स्वतंत्र पुरचुंडी होती. तिच्यात दशम्या आणि लसणाची चटणी. "वेळेला असावं," एवढंच ती म्हणाली.

फाटकावर पाटी होती : 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई.' लहान मुलांच्या खाण्याला सूट. पहारेकऱ्याने एकेक डबा उघडून पाहिला.

"हे कुणाचं, ताई?"

"बाळाचं."

"एवढं सगळं?"

"खायला थोडंच. बाकीचं सांडायला," सौ. म्हणाली. तो बहुधा बापमाणूस असावा. त्याने मुकाट्याने झाकण लावलं. मग पुरचुंडी सुटली.

"आणि आजी, या दशम्या? यापण बाळाच्या?"

"नाही रे बाबा, या माझ्या," आई म्हणाली. "पण मीसुद्धा कुणाची तरी लेकच आहे की."

हा मुद्दा नियमात बसत नव्हता. दशम्या सामानघरात गेल्या आणि माझ्या हातात टोकन आलं. नोकरीच्या सुरुवातीला मी हजारो पितळी टोकनं वाटली आहेत. दशम्यांपोटी टोकन घ्यायचा योग पहिलाच.

आत गेल्यावर कळलं की इथे माणसाची लायकी उंचीवर ठरते. प्रत्येक पाळण्यापाशी रंगवलेली पट्टी. थोरला बहुतेक पट्ट्यांच्या वर गेला आणि दिसेनासा झाला. धाकटी सगळ्याच पट्ट्यांच्या खाली राहिली. ही पद्धत आमच्या बँकेत बढतीसाठी आणावी असं माझं मत झालं. निदान नाकारल्याचं कारण तरी डोळ्यांना दिसेल. तर थोरला आकाशात, आणि आम्ही तिघं मोठी माणसं एका बाकावर, मध्ये धाकटी, असा संसार मांडला गेला.

थीम पार्कातल्या बाकाला कमी लेखू नका. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडलं. ते काढायची कल्पना कशी सुचली हे वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात त्याच्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या, आणि हा एकटाच बाकावर बसून शेंगदाणे खायचा. तेव्हा त्याच्या मनात आलं, की आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी एखादी जागा हवी. यातला मर्म लक्षात घ्या. बाप बाकावर बसून स्वतः खात होता! मुलींना भरवत बसला असता तर त्याला कल्पना सुचली असती ती फार तर लाळेऱ्याचा कारखाना काढायची.

साडेबाराला आमचा भरणा सुरू झाला. चालत्या पाळण्यात किंवा झुकझुकगाडीत बाळाच्या तोंडात घास द्यायचा नाही, बसवून, ताठ बसवूनच द्यायचा, हा सौ.चा नियम, आणि तो बरोबर आहे. ठसका लागला तर गाडी थोडीच थांबते? म्हणून बाक. पहिला घास चिऊचा झाला. तो चिऊलाच मिळाला, कारण तो जमिनीवर पडला. काऊच्या घासाच्या वेळी समोरून हत्तीचा पोशाख घातलेला एक माणूस डुलत डुलत आला. धाकटीने आ वासला. सौ.ने संधी साधून चमचा आत सारला. पण तो आ रडण्याचा होता. चेक परत यावा तसा घास परत आला, आणि तोही शेरा न लिहिता.

रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसांना सल्ला द्यायला फार बरं वाटतं. एक बाई म्हणाल्या, "मोबाइल दाखवा, आपोआप खाते." दुसऱ्या म्हणाल्या, "गूळ-तूप द्या, भूक वाढते." एका दिलदार गृहस्थांनी तर पॉपकॉर्नचा पुडाच पुढे केला. सौ.ने हात जोडले. मक्याच्या लाह्या, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं हे सगळं चार-पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतं. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून द्यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." आमच्या वेळी काय काय नव्हतं याची यादी केली तर ती त्या पार्काला दोन वेढे घालील.

धाकटी खात नाही ही तक्रार घेऊन आम्ही डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातोच. ते तिला तोलतात आणि आम्हाला समजावतात. जन्मल्यावर तीन किलो भरलेलं मूल वर्षाचं होताना साधारण तिप्पट, म्हणजे नऊ किलो होतं. दुसऱ्या वर्षात मात्र त्यात दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावणारच. म्हणजे पहिल्या वर्षी दोनशे टक्के व्याज देणारी ठेव दुसऱ्या वर्षी पंचवीस टक्क्यांवर येते. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे पटायला हवं, आणि मला पटलं. पंचवीस टक्के तरी हल्ली कोण देतं? आईला पटलं नाही. आई बी.कॉम. नाही.

डॉक्टरांनीच एकदा क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली. 1928 साली त्यांनी आपल्या प्रयोगाची पहिली हकिगत छापली. नुकत्याच अंगावरून तुटलेल्या बाळांपुढे साधे, ताजे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत मांडायचे. शेजारी परिचारिका चमचा घेऊन बसायची, पण मुलाने बोट दाखवेपर्यंत तिने हूं की चूं करायचं नाही. हात पुढे करायचा नाही, आग्रह नाही, कौतुक नाही. पुढे अशी पंधरा मुलं त्यांनी वाढवली. कुणी एखाद्या वेळी भलतंच काही खायचं, पण एकंदरीत मुलं ठणठणीत निघाली. यातली मेख बाईंनी स्वतःच सांगून ठेवली आहे : यादीतले चौतीसच्या चौतीस पदार्थ चांगले होते. यादीत गोळ्या-बिस्किटं असती तर निकाल वेगळा लागता. थोडक्यात, काउंटरवर काय ठेवायचं आणि काउंटर केव्हा उघडायचं ते आपण ठरवावं. भरणा किती करायचा ते गिऱ्हाईक ठरवील.

आईने ही गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्या बाईला नातवंडं नसतील."

मी यावर वाद घालत नाही. 1972 च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती. माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. आजोबा-आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो यांवर घर चाललं. संध्याकाळी आजी भाकरीचे तुकडे करून पाच भावंडांना वाटायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, "मला भूक नाही." त्या घरात 'भूक नाही' हे वाक्य खोटं बोलण्यासाठीच वापरलं जायचं. आता त्याच घरातून आलेल्या बाईसमोर चौदा दातांची नात तूप घातलेल्या भाताला मान हलवून 'नाही' म्हणते. आईने विश्वास ठेवायचा कसा? तिला त्या नकारामागे कुणाची तरी रिकामी थाळी दिसत असणार.

दोन वाजले. उन्हात तापलेल्या बाकावरून आम्ही झाडाखालच्या बाकावर आलो. खिरीचा थर्मास एव्हाना लाळेऱ्यांवर रिकामा झाला होता. भाताचा तेवढा बंद होता आणि आत अजून वाफ होती. सौ. हात धुवायला गेली. मी वाटीत भात काढून आईच्या हातात दिला. आईने घास कालवला, धाकटीकडे नेला. मान हलली. पुन्हा नेला. पुन्हा हलली.

आई दमून म्हणाली, "राहू दे बाई. मलाच भूक लागलीय." आणि तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला.

तिच्या तोंडून हे वाक्य मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मी पाहतच राहिलो. पण माझ्यापेक्षा लक्ष देऊन पाहत होती ती धाकटी. आजी चक्क खाते आहे, आपल्याला विचारतही नाही! ती बाकावरून सरकत सरकत जवळ आली आणि वाटीत हात घातला. पहिली मूठ बरीचशी फ्रॉकला गेली, दुसरी तोंडात. आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. सवयीने मोजत मात्र होतो : अकरा घास. मग तिने वाटी दूर सारली, आजीच्या पदराला हात पुसले आणि मांडीवर आडवी होऊन झोपली.

थोरला तेवढ्यात भिजून परतला. आई एका हाताने नातीला थोपटत दुसऱ्या हाताने वाटीतलं शीत न शीत निपटत होती.

"आजी," तो म्हणाला, "एवढ्या लांब येऊन तू भातच खाल्लास?"

"मग काय झालं?" आई म्हणाली. "छान झालाय. तुला हवाय का?"