तेरहून रोमास : तीन दिवसांचा बेत

प्रवासवर्णन प्रवास करून आल्यावर लिहावयाचें असतें, हें मला ठाऊक आहे. तरी मी न केलेल्या प्रवासाविषयीं लिहीत आहें. कारण संपादकांची मुदत संक्रांतीच्या आधीं संपते, आणि आमचें प्रयाण, झालेंच तर, संक्रांतीनंतरचें आहे.

आमचें घर तेर येथील कुंभाराचें. शाळेंत असतां एकदां इतिहासाच्या तासाला गुरुजींनीं मला उभें करून गांवाचें जुनें नांव विचारलें. मीं 'तेरढोकी' म्हणून सांगितलें. त्यांनीं फळ्यावर 'तगर' असें लिहिलें व सुमारें १९०० वर्षांपूर्वीं ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक व्यापारी वाटाड्यांतील मजकूर समजावून दिला. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर असून तेथून जाडें कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोच बंदरास नेतात, असा तो मजकूर. तें नगर म्हणजेच आपलें तेर, असें फ्लीट साहेबांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. तेथून आलेला माल समुद्रापार रोमच्या बाजारांत जात असे, हें ऐकून मीं त्याच दिवशीं मनाशीं ठरविलें कीं, एकदां तो बाजार पाहावयाचा. त्यास आज पंचवीस वर्षें झालीं. मध्यें नोकरी, बहिणीचें लग्न व घराचें छप्पर आलें. आतां पैसे जमले. पण दोघांचे आणि तीन दिवसांचेच. दुसरें माणूस कोण, याविषयीं घरांत वाद झाला नाहीं. नाना अडुसष्ट वर्षांचे आहेत व त्यांचे गुडघे दरसाल अधिक कुरकुरतात.

पहिला प्रश्न आला तो काळाचा. युरोपास जाणारे लोक बहुधा उन्हाळ्याच्या सुटींत जातात. पण कुंभारास ती सुटी कोठली? नवरात्रास घट, दिवाळीस पणत्या, संक्रांतीस सुगडीं, आणि माघ सरतां सरतां माठ व रांजण यांची घाई. पावसाळ्यांत आवा लागत नाहीं म्हणून चाक निवांत असतें खरें, परंतु त्या वेळीं रोमांत कडक ऊन व अलोट गर्दी. शेवटीं संक्रांतीनंतरचा पंधरवडा तेवढा मोकळा निघाला. तेव्हां तेथें थंडी असते व सायंकाळीं साडेपांचच्या आंतच सूर्य मावळतो. पण भाडीं उतरलेलीं असतात. मिसर देशाचे खलाशी भडोचकडे येण्यास जुलैंत निघत, कारण त्यांना नैर्ऋत्येचा वारा हवा असे. आम्हांस फक्त सुगडीं विकलीं जावयास हवीं होतीं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड होता : तीन दिवसांत काय पाहावयाचें आणि काय सोडावयाचें?

माझी ओढ नेपल्सकडे होती. आपल्या गांवच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर वेंचलेल्या वस्तूंचें संग्रहालय तेरांत आहे, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पाण्यावर तरंगणारी वीट पाहण्यास मुलें तेथें गर्दी करतात. पण जवळच असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिची ही जणूं बहीण. पाँपेईची ती मूर्ति नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. रोमहून जलद गाडीनें सव्वा तासाची वाट; परंतु जाण्यायेण्यांत व पाहण्यांत तीनांतला एक दिवस संपतो.

मीं कागदावर तीन रकाने आंखून नानांपुढें ठेवले. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिथं कुंभार हायेत का?"

मीं म्हणालों, "नाना, तिथं एक सबंध टेकडीच खापरांची आहे."

ही गोष्ट खरी आहे. तिचें नांव माँते तेस्ताच्चो. स्पेन व आफ्रिका येथून तेल भरून आलेले मोठमोठे रांजण रिकामे झाले कीं, ते फोडून रोमन लोक नदीकांठच्या धक्क्याजवळ रचून ठेवीत. असे कोट्यवधि रांजण फुटून सुमारें ३५ मीटर उंचीची टेकडी उभी राहिली.

"पुन्हा का वापरीत नव्हते?" नानांचा प्रश्न.

"तेल मुरून त्यांना वास येई. तो दबावा म्हणून थरांवर चुना टाकीत."

"चुना टाकीत होते, म्हंजी मानसं शहाणी होती," असें म्हणून नाना कांहीं वेळ गप्प बसले. पुष्कळ कानांवर भट्टीचे वा मालकाचे शिक्के आहेत, हें मीं सांगतांच त्यांनीं मान वर केली. "गाडग्यावर नाव?" पन्नास वर्षांत त्यांनीं केलेल्या मडक्यांवर कोणी त्यांचें नांव पाहिलें नाहीं, आणि त्यांनींहि तें कधीं घातलें नाहीं.

त्या रात्रीं मीं नेपल्स खोडलें. खोडतांना वाईट वाटलें, हें लपवीत नाहीं. खापरांच्या टेकडीवर चढावयाचें तर आधीं परवानगी मिळवावी लागते. न मिळाल्यास कुंपणाबाहेरून व पायथ्याशीं टेकडी कोरून काढलेल्या खाणावळींतून थर दिसतात. भुयारी गाडीच्या एकाच फांट्यावर कोलोसियमचें स्टेशन आहे आणि तेथून दोनच स्टेशनें पुढें टेकडीचें; म्हणून दोन्ही एका दिवशीं. दुसऱ्या दिवशीं पँथिऑन. त्याच्या ४३ मीटर रुंद घुमटाला मध्यभागीं उघडें भोंक आहे व पाऊस सरळ आंत पडतो. आपल्या त्रिविक्रमाच्या देवळाचें विटांचें गजपृष्ठाकार छप्पर लहानपणापासून पाहिलेल्या नानांना तें दाखवून त्यांचें मत घ्यावें, असें मनांत आहे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सेंट पीटरचें मंदिर. व्हॅटिकनचीं संग्रहालयें गुडघ्यांपायीं गाळलीं आहेत. शाळेंतील गुरुजनांना हें रुचणार नाहीं, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रवेशपत्राच्या अर्जासाठीं आम्ही मुंबईस गेलों. बँकेचे उतारे, ३०,००० युरोचा विमा, परतीचीं तिकिटें, सारें नीट होतें. पण बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर नानांचीं बोटें उमटेनात. मातीनें व वाळूनें रेषा झिजून गेलेल्या. हात धुवून, पुसून, तेल लावून पाहिलें. मागें रांग खोळंबली. खिडकीवरील तरुण कंटाळून म्हणाला, "बाबा, जोरानें दाबा." नाना ओशाळले. वाटभर त्यांनीं एकच म्हटलें, "राहू दे, तू एकटा जाऊन ये." दुसरे दिवशीं पुन्हा बोलावलें, तेव्हां आठ बोटें उमटलीं. तेवढ्यावर अर्ज घेतला. निकाल अद्याप आलेला नाहीं. नानांवांचून जाण्याचा माझा विचार नाहीं, हें मीं त्यांना अजून सांगितलेलें नाहीं.

मुंबईहून आल्यावर नानांनीं शेतांतलें एक जुनें खापर बरोबर नेऊन त्या टेकडीवर ठेवण्याची गोष्ट काढली. पुरातन वस्तु देशाबाहेर नेण्यास कायद्याची मनाई आहे, असें मीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. काल पाहतों तों सुगडांच्या रांगेंत एक लहानशी पणती वाळत ठेवलेली. तिच्या बुडाशीं, ओल्या मातींत काडीनें, त्यांनीं आपलें नांव लिहिलें आहे. मंगळवारीं आवा लागेल, त्यांत ती भाजून निघेल.