चौदा नंबरचं दार

परवा बर्मिंगहॅमहून नातीचा फोन आला. सलाम-दुआ झाली न झाली तोच तिनं विचारलं, "नानी, यंदा नाताळला बर्फ पडेल का?"

मी खेडला आमच्या अंगणात बसले होते. उन्हाकडे पाठ करून चहा चालला होता. कोकणात थंडी म्हणजे पहाटे गोधडी अंगावर ओढण्यापुरती. ती जरा वाढली की लोक खूश होतात, कारण आंब्याला मोहोर येतो. मी तिला म्हटलं, "बेटा, ते अल्लाहला माहीत." पण फोन ठेवल्यावर मन तिकडेच गेलं. आयुष्याची तीस वर्षं ज्या रस्त्यावर काढली, तो पांढराशुभ्र होऊन डोळ्यांपुढे आला.

लग्न होऊन मी बर्मिंगहॅमला गेले ती १९८१ च्या नोव्हेंबरात. सासरे त्याआधी वीस वर्षं तिथं होते. आमच्या गावच्या कितीतरी माणसांसारखे तेही आधी बोटीवर होते, मग तिथंच उतरून एका ओतशाळेत लागले. स्पार्कहिल भागात एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग होती, त्यात आमचं बारा नंबर. दिवस इतका लहान की मला काही सुचेना. डिसेंबरात सूर्य उगवतो सव्वाआठला आणि चारच्या आत मावळतो. आम्ही शाफई, दुपारी सव्वाबाराला जोहर, दोनच्या आत असर आणि चारला मगरीब. एक नमाज पढून उठले की दुसरीची वेळ व्हायची. मला वाटायचं, या देशात दिवसाला फक्त दुपारच असते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खिडकीपाशी उभी राहिले ती हललेच नाही. पावसाला आवाज असतो, आमच्या कोकणातल्या पावसाला तर फारच. बर्फ मात्र गुपचूप येतो. रात्री झोपताना काही नसतं आणि सकाळी उठून बघावं तर कचऱ्याचे डबे, गाड्या, भिंती, सगळ्यांवर एकच चादर.

सासरे हसून म्हणाले, "बेटी, हा काहीच नाही." मग त्यांनी १९६२-६३ ची गोष्ट सांगितली. २६ डिसेंबरला बर्फ पडायला लागला आणि मार्चपर्यंत हटला नाही. १७४० नंतर इंग्लंडात इतका थंड हिवाळा झाला नव्हता. केंटच्या किनाऱ्यावर समुद्रसुद्धा गोठला होता. ते तेव्हा एका घरात दहा-बारा जणांबरोबर राहायचे. रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर झोपायचा. "गादी गरम मिळायची, तेवढंच सुख," असं ते म्हणायचे. रॉकेलचा एक हीटर असायचा, त्याच्याभोवती सगळे. दारात ठेवलेलं बाटलीतलं दूध गोठून वर यायचं आणि बुचाला टोपीसारखं उचलून धरायचं.

त्या वर्षी, म्हणजे १९८१ ला, नाताळ शुक्रवारी आला. जुम्याचा दिवस. तिथं नाताळला बस नाही, रेल्वे नाही, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुरुषांना मशिदीत चालत जायचं होतं, म्हणून मी लवकर उठून स्वयंपाकघरात गेले. नळ उघडला तर थेंब नाही. पाइप गोठला होता.

घागर भरून ठेवायची सवय तिथं जाऊन मोडली होती. घरात होतं ते किटलीतलं अर्धं पाणी. सासऱ्यांना वुजू करायचा होता. पायांत ते कातडी मोजे घालायचे, घरी असताना एक दिवस-रात्र त्यांच्यावर मसह करता येतो, म्हणून पाय धुण्याची अडचण नव्हती. पण तोंड-हात धुवायला आणि दिवसभर स्वयंपाकाला पाणी कुठून आणणार? आमचे हे म्हणाले, "शेजारी विचारू या का?" सासरे नको म्हणाले. "आज त्यांचा सण आहे. सणाच्या सकाळी कुणाच्या दारात अडचण घेऊन जाऊ नये."

चौदा नंबरला एक गोरं जोडपं राहायचं. बाईंचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. तोवर आमचं बोलणं मान हलवण्यापुरतं. आमचे हे मागच्या अंगणात बाहेरच्या पाइपला जुनी गोणपाटं गुंडाळत होते, ते त्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. पाच मिनिटांत त्या दारात हजर. अंगावर सणाचे कपडे, वरून स्वयंपाकाचा अॅप्रन, एका हातात वाफाळती किटली, दुसऱ्या हातात फडकी. मागून त्यांचे यजमान बादली घेऊन. मला म्हणाल्या, "बॅब, विचारायचं नाही का?" बर्मिंगहॅमची माणसं मायेनं 'बॅब' म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, माझं नाव चुकीचं घेतलं.

त्यांच्या यजमानांनी आमच्या ह्यांना शिकवलं: उकळतं पाणी ओतायचं नाही, पाइप फुटतो. फडकी कोमट पाण्यात भिजवून गुंडाळायची आणि नळाकडून सुरुवात करत मागं मागं जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. तासाभरात नळ खोकला, फुसफुसला आणि पाणी आलं. सासऱ्यांनी वुजू केला आणि तिघं-चौघं जण बर्फ तुडवत जुम्याला गेले.

दुपारी त्या बाई पुन्हा आल्या. ताटलीत छोट्या गोल कचोरीसारखे पदार्थ, वर पिठीसाखर. नाताळचे मिन्स पाय. मी घेतले, पण घाबरले. सासऱ्यांकडून ऐकलं होतं की त्यात जनावराची चरबी असते आणि वर ब्रँडी शिंपडतात. मला वाटलं, हसून घ्यावं आणि नंतर गुपचूप टाकून द्यावं. सासरे तेवढ्यात मशिदीतून आले. त्यांनी ताटली पाहिली आणि तिच्यासमोरच, मोडक्यातोडक्या पण सरळ इंग्रजीत सांगितलं की तुमची मेहेरबानी मोठी, पण यात चरबी आणि दारू असेल तर आम्हाला चालत नाही, आणि खोटं बोलून घेणं मला आवडणार नाही. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आता संपलं.

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी दरवर्षी आणत राहिले असते आणि तुम्ही दरवर्षी टाकत राहिला असता." पुढच्या नाताळला त्यांनी वनस्पती तुपातले, दारूशिवायचे वेगळे केले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ते आमच्या घरी येत राहिले.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी मला हदीस सांगितली. रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितलं होतं की कालवण करशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्याची आठवण ठेव. "पाणी त्यांनी दिलं," सासरे म्हणाले, "कालवण आता आपण द्यायचं." मी सांदणं केली आणि मटणाच्या रश्शाबरोबर चौदा नंबरला पाठवली.

थंडी पुढे आणखी वाढली. १० जानेवारी १९८२ ला आमच्याहून फार लांब नसलेल्या श्रॉपशरमध्ये, न्यूपोर्ट इथं, पारा उणे २६.१ अंशांवर गेला. इंग्लंडात आजवर नोंदलेलं ते सर्वात कमी तापमान. त्या दिवसांत सकाळी दारापुढचा बर्फ उपसताना मी आमच्या दारापुढे थांबत नसे. चौदा नंबरपर्यंत जायची, वर मीठ किंवा शेगडीची राख टाकायची. कधी माझ्याआधी त्या उठलेल्या असत आणि आमचं दार स्वच्छ झालेलं असे.

मुलं झाली, शाळेत जायला लागली. नाताळच्या आधी शाळेत हजरत ईसा (अलै.) यांच्या जन्माचं नाटक असे. मुलीनं एकदा घरी येऊन विचारलं, "अम्मी, सगळ्या कार्डांवर बर्फ आहे. हजरत ईसांच्या गावी बर्फ पडायचा?" मी तिला जवळ बसवून सूरह मरयममधला किस्सा सांगितला. हजरत मरयम एकट्या होत्या, वेदना होत होत्या, खजुराच्या झाडाचा आधार घेतला, आणि अल्लाहनं झाडावरून ताजी खजूर आणि पायाशी पाणी दिलं. आपण त्यांना नबी मानतो, त्यांच्या आईचा आदर करतो, पण त्यांना अल्लाहचा बेटा मानत नाही, हेही सांगितलं. मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग त्यांना शेजारी नव्हते?" मला उत्तर सुचलं नाही.

कार्डांवरच्या बर्फाचा उलगडा मला पुढे वाचनातून झाला. चार्ल्स डिकन्स १८१२ साली जन्मला आणि त्याच्या लहानपणीची वर्षं फार थंड होती. १८१४ मध्ये लंडनला थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर जत्रा भरली. त्यानं पुढे नाताळच्या गोष्टी लिहिल्या, त्यांत ती थंडी उतरली आणि लोकांच्या मनात नाताळ म्हणजे बर्फ असं बसलं. खरं तर ब्रिटनमध्ये डिसेंबरपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाची शक्यता जास्त. हवामान खात्याचा नियम तर गमतीचा आहे: २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी तो पांढरा नाताळ.

१९९८ पासून लागोपाठ तीन वर्षं नाताळ रमजानमध्ये आला. शेजारी तीनला राणीचं भाषण लागे आणि आमच्याकडे चारच्या आधी इफ्तार. चौदा नंबरच्या बाई तोवर एकट्या झाल्या होत्या, मुलगी दूरच्या गावी. त्या आपलं जेवण झाकून ठेवत आणि आमच्या इफ्तारच्या वेळी येऊन बसत. म्हणत, "एकटीनं गरम खाण्यापेक्षा तुमच्यात गार खाल्लेलं बरं." २००० साली ईद नाताळनंतर दोनच दिवसांनी आली. त्या आठवड्यात बर्फ पडला, आणि मुलांनी अंगणात बर्फाचा माणूस करून त्याच्या डोक्यावर आजोबांची टोपी घातली.

आता जे सांगायचं आहे ते २०१० चं.

त्या डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी आम्ही दोघं कोकणात आलो होतो. १९ तारखेचं मुंबईहून परतीचं विमान. १८ ला लंडनमध्ये बर्फ पडला, हीथ्रो विमानतळ जवळजवळ ठप्प झाला आणि आमचं विमान रद्द झालं. १९१० पासूनच्या नोंदींत ब्रिटनमध्ये इतका थंड डिसेंबर झाला नव्हता. निघताना मी सगळी व्यवस्था लावून आले होते. अठरा नंबरला एक सोमाली कुटुंब राहायला आलं होतं, त्यांच्या मुलाकडे घराची किल्ली दिली होती. रोज संध्याकाळी जाऊन हीटर लाव, नळ थोडा वेळ सोड, पाइप गोठता कामा नये, असं दोनदा बजावलं होतं.

मुंबईत नणंदेकडे अडकून पडलो होतो. २० तारखेला सहज चौदा नंबरला फोन लावला. वाजत राहिला. तासाभरानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. मग अठरा नंबरच्या मुलाला फोन केला. म्हटलं, "बेटा, चौदा नंबरला जाऊन बघ." तो म्हणाला, "आंटी, मी रोज त्यांच्या दारावरूनच तुमच्या घरी जातो. पडदे बंद आहेत. मला वाटलं, नाताळला मुलीकडे गेल्या असतील."

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. ती जिवंत होती, अल्हमदुलिल्लाह. दोन दिवसांपासून बॉयलर बंद. नव्या बॉयलरमधून पाणी बाहेर सोडणारी प्लास्टिकची बारीक नळी असते, ती गोठली की बॉयलर आपोआप बंद पडतो. त्या अंगावर दोन कोट घालून पलंगावर पडून होत्या. फोनपर्यंत उठून जायची ताकद नव्हती. आधी कुणाला का सांगितलं नाही, असं त्यानं विचारलं तर म्हणाल्या, "सणाचे दिवस आहेत, लोकांना त्रास कशाला."

त्या मुलानं नळीवर कोमट पाणी ओतलं, बॉयलर सुरू केला, डॉक्टर बोलावला आणि घर गरम होईपर्यंत त्यांना आपल्या आईकडे नेलं. तो नाताळ त्यांनी अठरा नंबरला साजरा केला.

मी मात्र त्या रात्री झोपले नाही. नळाच्या पाइपाची काळजी दोनदा सांगून आले होते आणि जिनं पहिल्याच हिवाळ्यात माझा तो पाइप सोडवला, तिच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. पोरगं रोज तिच्या दारावरून जात होतं. फक्त एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. फोन सहज केला होता, तोही लग्नातलं जेवण कसं होतं हे सांगायला. नसता केला तर?

परत गेल्यावर मी त्यांच्यासमोर माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि त्याच जुन्या सुरात म्हणाल्या, "बॅब, मीही विचारलं नाहीच ना." पुढची दोन वर्षं आम्ही दोन किल्ल्या बदलून ठेवल्या. त्यानंतर त्या गेल्या. त्यांच्या मुलीनं विचारलं, आईची आठवण म्हणून काही हवं का? मी बर्फ उपसायचं फावडं मागितलं. ते अजून बर्मिंगहॅमच्या घरी दाराआड उभं आहे. घर आता मुलीचं.

संध्याकाळी मी नातीला परत फोन केला. बर्फ पडो न पडो, म्हटलं, एक काम कर. आता चौदा नंबरला कोण राहतं?

ती म्हणाली, "एक म्हातारे आजोबा आलेत, नानी. त्यांचं नाव नाही माहीत."

म्हटलं, "मग आधी ते विचारून ये. मी फोन धरून ठेवते."