कृश घोड्यांचा रथ

यंदा गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी आरत्यांच्या बरोबरीने मोटारगाड्यांचेही पारायण झाले. आमच्या दिवंगत बंधूंना दोन चिरंजीव. थोरला पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. धाकटा नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्ट येथे असतो. थोरल्याने चार पैसे गाठीस बांधले असून एखादी जोरकस गाडी घ्यावी असा त्याचा मानस आहे, आणि वडीलकीच्या नात्याने आमची संमती त्याला हवी आहे. बंधू हयात असते तर हा प्रश्न आमच्यापर्यंत आलाच नसता. तो आला आहे, तेव्हा त्याचा साकल्याने विचार करणे आम्हांस प्राप्त झाले. तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हाच प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा असेल.

थोरल्याचे शास्त्र आकड्यांचे. कोणती गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरांचा वेग किती सेकंदांत गाठते आणि कोणीची अश्वशक्ती किती, हे त्याला लहानपणीच्या पाढ्यांहून अधिक मुखोद्गत आहे. त्याच्या देव्हाऱ्यातील मुख्य दैवत बुगाटी व्हेरॉन. २००५ साली अवतरलेल्या या गाडीस १६ सिलिंडरांचे इंजिन, चार टर्बोचार्जर आणि १००१ अश्वशक्ती. वेग ताशी ४०० किलोमीटरांच्या वर. हे स्तोत्र संपताच धाकटा शांतपणे म्हणाला, “दादा, त्या वेगाने पळविली तर तिची १०० लिटरांची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. मग उरलेल्या दिवसाचे काय करायचे?”

धाकट्याचे दैवत अगदीच निराळे. माझदा एमएक्स-५ ही जपानी गाडी १९८९ साली निघाली. इंजिन १.६ लिटरांचे, अश्वशक्ती ११५ च्या आसपास, आणि ताशी १०० किलोमीटरांस पोहोचावयास तिला जवळजवळ नऊ सेकंद लागत. परंतु तिचे वजन १००० किलोंच्या आत होते, ते पुढच्या व मागच्या चाकांवर जवळपास सारखे विभागलेले होते, आणि गिअरपेटी व मागचा आस यांना सांधणारी एक बळकट चौकट तिच्या पोटाखाली बसविलेली होती. त्यामुळे पायाने दिलेली आज्ञा यत्किंचितही रेंगाळत नसे. तिच्या कर्त्यांनी आपले ध्येय ‘जिन्बा इत्ताई’ या शब्दांत सांगितले. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. दौडत्या घोड्यावरून लक्ष्यावर बाण सोडण्याची जी जपानी धनुर्विद्या आहे, तिच्यातील ही कल्पना. २०१६ सालापर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. मंदगती म्हणून हिणविलेल्या गाडीस इतके रसिक लाभावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या टप्प्यावर सूनबाई म्हणाल्या, “भावजी, गाडी छानच आहे, पण आसने दोनच. मग सासूबाई, काका आणि मुलांनी मागून चालत यायचे का?” एकत्र कुटुंबाच्या सभेत याहून बिनतोड युक्तिवाद होणे नाही! तथापि तत्त्व म्हणून धाकट्याचे म्हणणे आम्हांस अधिक पटले. त्याची कारणे सांगतो.

गाडी रस्त्यास धरून असते ती केवळ चार टायरांच्या तळव्याएवढ्या पकडीने. या पकडीची सीमा जवळ आली की चाकाच्या दांड्यातून हातास, आसनातून पाठीस, काही सूक्ष्म सूचना मिळू लागतात. त्या ओळखणे आणि त्यांस उत्तर देणे, हाच गाडी हाकण्यातील खरा रस. आता होते असे, की टायर जितके रुंद आणि यंत्र जितके जबरदस्त, तितकी ही सीमा दूर जाते. मग हाकणारास हा संवाद ऐकू येतो तोच मुळी अशा वेगास, जेथे उत्तर चुकण्याची सोय नसते. २०१२ साली टोयोटाने जीटी ८६ ही गाडी काढली, तेव्हा तिला मुद्दाम बेताच्या पकडीचे टायर दिले. तेच टायर त्यांच्या काटकसरी प्रियस गाडीवरही असत. हेतू हाच, की माफक वेगातही गाडीने बोलावे. काव्यात जसा रस अलंकारांच्या संख्येवर अवलंबून नसतो, तसाच हा प्रकार आहे.

बलाढ्य गाड्यांत रस नसतोच असे मात्र कोणी समजू नये. स्टुटगार्टची पोर्श ९११ ही १९६३ पासून आपले इंजिन मागल्या आसाच्याही मागे वाहत आली आहे. तिच्या जुन्या गाड्यांत, ऐन वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट बाहेर झोकांडत असे. म्हणून त्या हाकणाराकडून विद्या मागत, आणि जाणकार त्यांवर लुब्ध होते ते याच कारणाने. परंतु अशा विद्येस पाठशाळाही हवी. जर्मनीत न्युर्बर्गरिंग नावाचा १९२७ सालचा डोंगरी शर्यतमार्ग आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, वळणे सत्तरांहून अधिक. ठराविक दिवशी पैसे भरून कोणासही तेथे आपली गाडी नेता येते, आणि समोरून कोणी येत नाही. आपल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीस मोटारींना ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. जी गाडी तीन सेकंदांत तेथे पोहोचते, तिने उरलेला तासभर करावयाचे काय? एक तर कंटाळावयाचे, नाही तर कायदा मोडावयाचा.

विजेच्या गाड्यांनी तर हा वाद जवळजवळ निकालातच काढला आहे. ह्युंदाईने २०२३ साली आयोनिक ५ एन ही ६०० हून अधिक अश्वशक्तीची विजेची गाडी काढली. तिला गिअर नाहीत. असे असता, गिअर बदलल्याचा हिसका आणि इंजिनाचा आवाज यांचे हुबेहूब सोंग तिच्यात मुद्दाम भरले आहे! वेग पुरेपूर हाती आल्यावर मनुष्य पुन्हा काय शोधतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आम्हांस स्वतःस हा रस भेटला तो मारुती ८०० मध्ये. तीन सिलिंडर, चाळिसांहून कमी अश्वशक्ती. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना दुसऱ्या गिअरात इंजिनाच्या आवरानेच गाडी तोलावयाची, वळणाआधी वेग उतरवावयाचा, वळणातून बाहेर पडताना हलकेच पाय द्यावयाचा. वेग ताशी ४० चाही नसे. पण मागे झोपलेल्या मुलाची मान डुलली नाही, की एखादा श्लोक यतिभंगावाचून म्हटल्याचे समाधान होई.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. आमचा एक विद्यार्थी पहिल्या कमाईच्या गाडीतून रात्री निघाला, तो परत आला नाही. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि थांबावयास अंतरही चौपट लागते, हे आमच्याच वर्गात त्याने शिकले होते. त्याच्या वहीत ते सूत्र बिनचूक होते. सूत्र डोक्यात असते. ते हातापायांत उतरावयास सावकाश शिकणे लागते, आणि अतिसामर्थ्याची गाडी तितका अवधीच देत नाही.

म्हणून पुतण्यास आम्ही संमती दिली ती एका अटीवर. कोणती गाडी घ्यावी हे आम्ही सांगितले नाही. परीक्षा कशी घ्यावी ते सांगितले. गाडी सपाट रस्त्यावर न पाहता घाटात न्यावी, आणि वेगाची मर्यादा पाळूनच न्यावी. त्या मर्यादेत चाक हाताशी बोलते का, ब्रेक पायाच्या प्रमाणात आवरतो का, आणि मागे बसलेल्या आईस आपण वेगात आहोत याचा विसर पडतो का, हे पाहावे. तिन्ही उत्तरे ‘होय’ आली तर ती गाडी आपली. अश्वशक्ती मग कितीही असो.

महाभारतातील नलोपाख्यान वाचकांस ठाऊकच आहे. अयोध्येहून विदर्भातील कुंडिनपुरास एका दिवसात पोहोचावयाचे होते, आणि बाहुकाच्या वेषातील नलाने रथास कृश दिसणारे घोडे निवडले. ऋतुपर्ण राजा रागावला. पुढे वाटेत राजाचे उत्तरीय गळून पडले. ते आणावयास सांगेपर्यंत रथ एक योजन पुढे गेलेला होता. राजा थक्क झाला. पण त्याने बाहुकाकडे ते घोडे मागितले नाहीत. आपली अक्षविद्या देऊन त्याने अश्वविद्या घेतली. घरोघरच्या तरुणांनीही आधी तीच मागावी. घोडे पुढे यथाशक्ती मिळतीलच.