घड्याळाचे घराणे

मनुष्याच्या वापरातील ज्या वस्तूंना कूळ आणि शील दोन्ही असतात अशा वस्तू थोड्या. चावीचे घड्याळ ही त्यांपैकी एक होय. वेळ पाहण्यापुरती त्याची आज मुळीच गरज नाही. खिशातील मोबाइल ती अधिक अचूक सांगतो. मग वडिलांचे साठ वर्षांच्या घरात आलेले मनगटी घड्याळ पदरमोड करून दुरुस्त कशाला करावयाचे, असे आमचे चिरंजीव आम्हांस विचारतात. प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे.

घड्याळ फाव्र-ल्युबा घराण्याचे. आपल्याकडील जुन्या पिढीने त्या फ्रेंच नावाला आपल्या जिभेचे वळण देऊन त्याचे ‘फेवरलुबा’ केले. स्वित्झर्लंडच्या ज्यूरा पर्वतात ल लोक्ल नावाचे गाव आहे. हिवाळ्यात बर्फाने कोंडलेली त्या मुलखातील शेतकरी कुटुंबे घरात बसून घड्याळांचे सुटे भाग घडवीत. या गावी अब्राहम फाव्र घड्याळजीचे काम करीत असल्याचा दाखला 1737 सालचा आहे. त्याच वर्षी पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला होता. पुढे फाव्रांना ल्युबा येऊन मिळाले, आणि 1865 साली हे घराणे व्यापारासाठी मुंबईस पोहोचले. 1962 साली त्यांनी गिर्यारोहकांकरिता हवेचा दाब व उंची दाखवणारे ‘बिव्हूॲक’ हे मनगटी घड्याळ काढले. वडिलांच्या घड्याळावर ‘ट्विन पॉवर’ अशी अक्षरे आहेत. त्याच्या पोटात एकीऐवजी दोन कमानी असून त्या भार वाटून घेतात. त्यामुळे यंत्र पातळ राहून चाल एकसारखी राहते.

1969 साली जपानने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील काही वर्षांत अशी कित्येक घराणी मोडकळीस आली. फाव्र-ल्युबाचे नाव कुटुंबाच्या हातून गेले, अनेक हातांत फिरले. 2011 साली ते टाटांच्या टायटनने घेतले आणि 2023 साली ते इथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे आले. जे नाव माल विकण्यास मुंबईत आले, ते नावच अखेर येथल्यांनी विकत घेतले!

नाव विकता येते. हात विकता येत नाही. आमच्या पेठेतील वृद्ध घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते बंद पडलेले यंत्र उघडले. तेल वाळून गोंदासारखे झाले होते. एकेक चाक सोडवून, धुऊन, पुन्हा बसवावयास त्यांना तीन आठवडे लागले. मग त्यांनी विचारले, “सर, तबकडी नवी रंगवून देऊ? कालच घेतल्यासारखी दिसेल.” बाजारात अशा रंगवलेल्या जुन्या घड्याळांना तोटा नाही.

आम्ही नको म्हटले. आईच्या अखेरच्या दुखण्यात वडील रात्र रात्र तिच्या उशाशी बसून नाडीचे ठोके याच सेकंदकाट्यावर मोजीत. त्यांची दृष्टी ज्या तबकडीवर खिळलेली आम्ही पाहिली, ती हीच पिवळी पडलेली तबकडी. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णत्व पुसून टाकणे नव्हे; थांबलेले चालते करणे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. घड्याळजींनी काच पुसली आणि म्हणाले, “मग तिला हात लावत नाही.”

घड्याळ आता रोज सकाळी चावी मागते आणि दिवसाकाठी मिनिटभर मागे पडते. तेवढी सूट वयाला द्यावयास हवी. गाण्यातले घराणे रक्तापेक्षा शिष्याने टिकते. अब्राहम फाव्रची विद्या आमच्या मते आज त्या पेठेतील टेबलावर आहे. पण घड्याळजींचा मुलगा संगणकाच्या नोकरीत आहे, आणि त्यांच्यापाशी शिकावयास कोणी येत नाही. घड्याळ उद्या चिरंजीवांकडे जाईल. ते पुन्हा थांबेल तेव्हा ते उघडणारा हात कोठे शोधावा, हा प्रश्न आम्हांस चिरंजीवांच्या प्रश्नाहून अवघड वाटतो.