गौताळ्याला येण्याआधी

चि. गौरीस,

‘ओमला जंगली प्राणी अगदी जवळून दाखव’ असं लिहिलंस. जवळूनच बघायचे तर सिद्धार्थ उद्यानात ने, पिंजऱ्यातले वाघ अर्ध्या तासात बघून होतील. गौताळ्याला आणणार असलीस तर दोन गोष्टी आधीच सांगते.

कन्नडजवळचं हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. सुमारे 260 चौरस किलोमीटर रान, थोडं आपल्या जिल्ह्यात, थोडं जळगावच्या. ताडोबासारखी जिप्सीची रांग इथं नाही. बिबटे आहेत, पण दिसतात ते बहुधा वनखात्याच्या कॅमेऱ्यालाच. 2021 मध्ये त्याच कॅमेऱ्यात चक्क वाघ आला! यवतमाळच्या टिपेश्वरहून शेतं, नद्या, डांबरी रस्ते ओलांडत तीनशेच्या वर किलोमीटर चालून आलेला. इथं किती तरी दशकांत वाघ नव्हता. पेपरवाल्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण वाघिणीवाचून त्यानं संसार कुणाशी थाटायचा? वाघीणही इथवर यायची तर एकेका अभयारण्याला कुंपण घातल्यासारखं जपून भागत नाही, मधल्या डोंगररांगाही मोकळ्या राहायला हव्यात.

वाघ नाही, पण अस्वल मी इथं पाहिलं, ते बुद्धपौर्णिमेला. त्या रात्री वनखातं नोंदणी केलेल्यांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसू देतं. आधी रानडुकरं आली, मग बिचकत बिचकत एक रोही. अस्वल आलं ते झाडीतच फुरफुरत. छातीवरचा पांढरट पट्टा चांदण्यात स्पष्ट दिसत होता, आणि नखं, बाई गं, बोटाएवढी! पाणी पिऊन ते शेजारच्या वारुळाकडे वळलं, माती उकरली, भोकाला तोंड लावून वाळवी ओढू लागलं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी आत खेचतं. आवाज एवढा मोठा की मचाणावरच्या वनरक्षकाला हसू दाबावं लागलं. हे सगळं अस्वलाच्या मर्जीनं चाललं होतं. टॉर्च मारली असती तर पळालं असतं, नाहीतर अंगावर आलं असतं.

ओम लहान आहे, त्याचं मचाण राहू दे. उन्हाळ्यात पहाटे ये, वाटाड्या मी बघते. उकरलेलं वारूळ, खोडावरचे ओरखडे, टेंभुर्णीच्या बियांनी भरलेली अस्वलाची विष्ठा असं सगळं दाखवते. पोरांना तेच जास्त आवडतं. माळाच्या कडेला चिंकारा दिसलाच तर गाडीतून उतरू नका. हे नाजूक हरीण कायद्यानं वाघाइतकंच संरक्षित आहे, आणि त्याला पळवून दमवण्यात कसली हौस?

पितळखोऱ्याची लेणी बघायची असतील तर एक मुक्काम वाढव, पायऱ्या पुष्कळ आहेत. कपडे मातकट रंगाचे, पाणी भरपूर. आणि जावईबापूंना सांग, गाडीतली गाणी गेटवरच बंद करायची.

तुझी,
मावशी