मुठीची लांबी

अमेरिकेत अंगावर बाळगण्याचे पिस्तूल निवडताना नळीच्या लांबीची चर्चा फार होते, खरी अडचण मात्र मुठीची असते. नळी पट्ट्याखाली, कपड्याच्या आत सहज लपते, पण मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि माणूस वाकला की सदऱ्यातून तिचा कोपरा उठून दिसतो. म्हणजे लपवण्यासाठी आखूड करायची ती मूठच, आणि नेम स्थिर राहावा म्हणून हात भरेल एवढी हवी असते तीही मूठच.

तिथे दुकानातून हँडगन विकत घेण्यासाठी 1968 च्या संघीय कायद्याने 21 वर्षे वयाची अट घातली. त्या वयात आवड असते ती नेमबाजीच्या मैदानाची, आणि मैदानावर मोठे, जड पिस्तूलच बरे, कारण काडतूस तेच असले तरी वजनदार पिस्तुलाचा उलटा धक्का हाताला सौम्य लागतो. तेच पिस्तूल दिवसभर कमरेला लावायचे म्हटले की ते टोचू लागते, आणि निवड मधल्या आकाराकडे, ज्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात त्याकडे, वळते. ऑस्ट्रियन सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाची मूठ व नळी आखूड करून 1988 मध्ये आलेले ‘ग्लॉक 19’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. काडतुसांची मॅगझिन मुठीतच बसत असल्याने मूठ घटली तशी 17 काडतुसांची 15 झाली. ही तडजोड अगदीच स्वस्तातली म्हणावी लागेल. 2018 मधील ‘सिग पी 365’ने सुमारे अर्ध्या किलोच्या पिस्तुलात 10 काडतुसे बसवली खरी, पण एवढ्या आखूड मुठीवर अनेकांच्या करंगळीला जागा उरत नाही, ती खाली लोंबकळते, प्रत्येक गोळीगणिक पकड थोडी सुटते आणि पन्नासेक गोळ्यांनंतर सरावातली मजा संपते. बाळगायला सोयीचे म्हणून घेतलेले पिस्तूल मग मैदानावर नेलेच जात नाही, आणि ज्याचा सराव नाही ते बाळगून फारसे काही साधत नाही. (भारतात या पिस्तुलांचे 9 मिमी काडतूस निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य परवानाधारकापुढे ही निवड येतच नाही.)

घरात मूल आले की पिस्तूल कुलपाच्या पोलादी पेटीत जाते, निदान जायला हवे.

उतारवयात प्रश्न बोटांचा होतो. स्लाइड, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढून सोडल्याशिवाय पहिले काडतूस नळीत जात नाही. आणि छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असल्याने तिला आवरणारी स्प्रिंग बहुधा अधिक ताठ ठेवावी लागते, त्यामुळे दिसायला सर्वांत किरकोळ तेच संधिवाताच्या हाताला सर्वांत अवघड ठरते. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, म्हणून दुकानदार पुष्कळदा वृद्धांपुढे 1950 पासून चालत आलेले स्मिथ अँड वेसनचे पाच काडतुसांचे छोटे रिव्हॉल्व्हर ठेवतो. परंतु त्याचा चाप जड असतो, आणि तो ओढायचा असतो त्याच दुखऱ्या बोटाने. या गिऱ्हाइकासाठीच 2018 मध्ये त्याच कंपनीने हलक्या स्प्रिंगचे, .380 काडतुसाचे ‘ईझी’ पिस्तूल काढले. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि वृद्ध पुरुषांत हे प्रमाण विशेष मोठे आहे. त्यामुळे अशा घरात सोपी स्लाइड शोधण्याआधी पेटीची किल्ली कोणाकडे राहणार हे मुलांनी वडिलांशी बोलून ठरवलेले बरे.