खिशापुरता पदर

शिवणयंत्र असलेल्या घरात उरलेल्या कापडांचं एक बोचकं असतंच. मुलीच्या फ्रॉकमधून राहिलेला तुकडा, गाऊनचं अर्धा मीटर केंब्रिक, सांगानेरी छापाच्या कुर्त्याची पट्टी. सगळ्यांवर फुलं, पण एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं.

बडोद्यातल्या एका मराठी घरातलं असं बोचकं सासूबाई गेल्यावर सुनेच्या ताब्यात आलं. त्यात सासूबाईंच्या दोन सुती साड्यांचे पदरही होते. साड्या मधे विरल्या होत्या, पदर तेवढे धड होते. ‘नातवाला यांची गोधडी शिवायची,’ असं त्या म्हणत. पण कॉलेजात जाणाऱ्या त्याच नातवानं एक दिवस बोचकं सोडलं आणि म्हणाला, ‘‘आई, गोधडी नको. याचा मला शर्ट शिवून दे.’’

वडिलांना दोन्ही गोष्टी खटकल्या. ‘‘फुलाफुलांचा शर्ट? बायकी दिसेल. आणि आईच्या साडीला कात्री लावायची?’’

पहिल्या आक्षेपात फारसा दम नाही. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या फुलांच्या चिटाचे झगे सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले पुरुष घरात ऐटीनं घालत. असं छापील कापड तिथे इतकं खपू लागलं, की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांना वाचवण्यासाठी इंग्लंडनं १७२१ साली ते वापरण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. दुसरा आक्षेप मात्र खरा होता. कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. सून आठवडाभर काहीच बोलली नाही.

मग तिनं सगळे तुकडे आधी धुतले. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही तशीच जोडली तर शिवणीवर चुण्या पडतात. लाल तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिला. रंग उतरला, तो बाजूला. झिरझिरीत वायलही बाद, कारण जाड कापडाशेजारी ते ओढलं जातं.

उरलेल्यांत मेळ बसवायचा तर फुलं जुळवून उपयोग नसतो, रंग जुळवावा लागतो. प्रत्येक तुकड्यात कुठे ना कुठे निळा होता. त्याच्याच आधारानं तिनं मांडणी केली. मोठी फुलं पाठीला, बारीक फुलं कॉलर आणि कफांना, कारण कॉलरच्या टोकाशी मोठं फूल अर्धंच कापलं जातं. कागदी नमुने ठेवताना कापडाचा उभा धागा सांभाळला आणि फुलांचे देठ खाली राहतील असं पाहिलं. एक बाही उलटी कापली गेली तरी लांबून दिसते.

राहिला पदर. जुनं सूत ताण सोसत नाही. खांद्यावर किंवा मुंढ्याला लावलं असतं, तर चार धुण्यांत फाटलं असतं. तिनं एकाच पदरातून वीतभर तुकडा घेतला, त्याला मलमलीचं अस्तर लावलं आणि छातीवरचा खिसा केला. काजपट्टीत बकरम घातलं, काजं हातानं केली. बटणं साधी पांढरी. इतक्या फुलांत रंगीत बटणं म्हणजे वरातीत दुसरा बँड!

शर्ट घालून मुलगा निघाला तेव्हा वडील पेपर वाचत होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, खिशाची कड बोटानं चाचपली आणि म्हणाले, ‘‘कॉलर चांगली बसलीय.’’

दुसरा पदर सुनेनं घडी करून परत बोचक्यात ठेवला. गोधडी अजून व्हायचीच आहे.